पत्ता शेवटून वाचावा

पाली, ता. जि. रत्नागिरी
सोमवार, ९ जून २०२५

चि. योगिनीस,
जय भीम आणि काकाचे आशीर्वाद.

तुझ्या बापाला मी लहानपणी खांद्यावर बसवून पऱ्याचं पाणी ओलांडून शाळेत पोचवला. त्या उपकाराची फेड त्याच्या मुलीनं बुद्धपौर्णिमेला केली. भर विहारात, खिरीची पातेली उघडायच्या आधी, तीसेक माणसांच्या देखत तू मला हसलीस. मला ऐकू कमी येतं, पण कोण कोणाला हसतं ते दिसतं. डोळे अजून शाबूत आहेत.

मी एवढंच म्हटलं होतं की इंटरनेटच्या ज्या पत्त्यात तीन डब्ल्यू नाहीत तो पत्ता बोगस. यात हसण्यासारखं काय होतं ते तू सांगितलं नाहीस, कारण तुला उचकी लागली होती. मग मीही म्हटलं की तिचं काय ऐकता, ती ऐरोलीत कंपनीत बसून असल्याच पत्त्यांच्या पाट्या विकते. ते लागलं असेल तर लागू दे. पाली पोस्टात मी चौतीस वर्षं बटवडा केला. एका वाडीत चार चार सहदेव आणि पत्त्यात आडनाव नाही, अशीही पाकिटं हातात आली. एकही चुकीच्या घरी गेलं नाही. पत्ता विकणं निराळं आणि पत्ता पोचवणं निराळं.

तरी शिकायला वय नसतं असं शिकलेली माणसं म्हणतात, म्हणून विचारतो. तुमच्या त्या पत्त्यात खरं-खोटं कसं ओळखतात? उदाहरणादाखल एक पत्ता देतो, असाच कुठंतरी बघितलेला:

शुश्रूषा डॉट जीओव्ही डॉट इन डॉट फॉर्मकेंद्र डॉट साइट, मग तिरकी रेघ, मग प्रवेश.

माझ्या मते हा सरकारी. सुरुवातीलाच सरकारचं नाव आहे, जीओव्ही म्हणजे गव्हर्नमेंट एवढं इंग्रजी मला येतं, आणि वर कुलुपाचं चित्रही होतं. तीन डब्ल्यू नव्हते, पण तुझा मान राखून ती अट मी सोडली. यात चूक असेल तर लिही. नसेल तर तसंही लिही, म्हणजे पुढच्या पौर्णिमेला मी हसेन आणि तू खीर वाढशील.

फोन करू नकोस. फोनवर मला तुझं बोलणं कढईत मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येतं. पत्र पाठव. पोस्टातल्या माणसाच्या घरी तरी पत्र यावं. घाई काही नाही.

सुंदराकाकी आशीर्वाद सांगते आणि फणसाच्या आठळ्या सुकवून ठेवल्यात म्हणते.

तुझा,
सहदेवकाका


ऐरोली, नवी मुंबई
शनिवार, १४ जून २०२५

ती. काकांस,
पाट्या विकणाऱ्या पुतणीचा जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. एवढ्या प्रेमानं कोणी माझी लायकी काढली नव्हती. ऑफिसात काढतात, पण इंग्रजीतून.

तर धडा पहिला. तीन डब्ल्यू म्हणजे पाकिटावरचं 'श्री.' आहे. ते लिहिलं तर शोभा, नाही लिहिलं तर काही अडत नाही. चौतीस वर्षांत नावाआधी श्री. नाही म्हणून तुम्ही पाकीट परत पाठवलंत का?

धडा दुसरा, आणि हा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. मुंबईच्या सॉर्टिंगला पाकीट पडतं तेव्हा तिथला माणूस आधी काय वाचतो? तुमचं नाव? सहदेव तांबे कोण हे मुंबईला माहीत नाही, ही मुंबईची चूक आहे, पण आहे. तो शेवटची ओळ वाचतो. जिल्हा रत्नागिरी, टाक त्या थैलीत. रत्नागिरीला पाली वाचतात. पालीत वाडी. नाव सगळ्यात शेवटी, तुमच्यासारख्या पोस्टमननं वाचायचं. पत्ता लिहितात वरून खाली, पण पोचतो खालून वर.

इंटरनेटचा पत्ता अगदी तसाच पोचतो. सुरुवातीच्या दोन जोड-रेघा सोडा. मग पहिली एकटी तिरकी रेघ जिथं येईल तिथं थांबा. तिच्या पलीकडचं सगळं म्हणजे घरातली खोली, खोलीतलं कपाट, कपाटातला कप्पा. त्यावरून घर कोणाचं ते कळत नाही. रेघेच्या अलीकडून उलटे, डावीकडे वाचत या. शेवटचा शब्द म्हणजे जिल्हा, त्याच्या आधीचा म्हणजे गाव, आणि त्या दोघांवरून मालक ठरतो. सरकारचं असेल तर शेपटाला 'जीओव्ही डॉट इन' येतं. ते शेपूट बाजारात मिळत नाही, सरकारी कचेऱ्यांनाच देतात. बाकी शेपटं आम्ही विकतो. कोणालाही.

आता गंमत. मालकाला आपल्या नावाच्या डावीकडे हवं ते लिहायची मुभा असते. 'फॉर्मकेंद्र डॉट साइट' हे नाव ज्यानं घेतलं, त्यानं त्याच्या आधी 'शुश्रूषा डॉट जीओव्ही डॉट इन' लिहिलं काय किंवा 'राष्ट्रपती' लिहिलं काय, विचारणारा कोणी नाही. समजा एका पाकिटावर लिहिलंय, 'माननीय जिल्हाधिकारी, रत्नागिरी, द्वारा भागोजीची टपरी, गुहागर'. हे पाकीट कुठं जाईल? जिल्हाधिकाऱ्यांकडे? ते गुहागरला भागोजीच्या टपरीवर जाईल, आणि भागोजी ते चहा पीत पीत उघडेल.

धडा तिसरा, कुलूप. कुलुपाचा अर्थ एवढाच की वाटेत पत्र कोणी फोडणार नाही. घेणारा सज्जन आहे असा त्याचा अर्थ नाही. लाखेचं सील लावून रजिस्टर पत्र चोराला पाठवलंत तर चोराला ते सीलबंद मिळतं. तो खूषच होतो.

म्हणून तुमचं उदाहरण शंभर टक्के बनावट. सुरेख निवडलंत मात्र. शिकवायला यापेक्षा चांगला नमुना मला सापडला नसता. पावसाळ्यात प्रवेशाचे फॉर्म सुरू झाले की असले पत्ते अळंबीसारखे उगवतात, आणि भोळी माणसं त्यावर आधार कार्डापासून दाखल्यांपर्यंत सगळं वाहून येतात. अर्थात तुमच्या वाडीत असं होणार नाही. तिथं तुम्ही आहात.

खीर तुम्हीच वाढा.

काकीला नमस्कार. आठळ्या ठेवा.

तुमची,
योगिनी


पाली
रविवार, २९ जून २०२५

चि. योगिनीस,
जय भीम.

तुझं पत्र बुधवारी, पंचवीस तारखेला, साडेअकराला आलं. मी पडवीत उभ्यानं वाचायला घेतलं. 'श्री.' पाशी आलो तेव्हा हसलो. खोटं कशाला सांगू, मुद्दा पटला. 'शेवटची ओळ' वाचली आणि हसू गेलं. भागोजीच्या टपरीपाशी आलो तेव्हा मी खाली बसलो. काकी म्हणाली, कोण गेलं?

ते उदाहरण नव्हतं. आता लिहून टाकतो.

आपल्या शेजारची आरोही तुला ठाऊक आहे, काशीची मुलगी. बाप भांडुपला वॉचमन, आई काजूच्या कारखान्यात. पोरगी बारावीला वाडीत पहिली आली. तिला नर्स व्हायचंय. एकतीस मेला तिनं बाजारातल्या केरूच्या ऑनलाइन सेंटरवर नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरला आणि पावतीचा कागद घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "आबा, आई म्हणते तुम्हाला दाखव. पत्त्यातलं तुम्हाला कळतं."

मी चष्मा लावला. जीओव्ही बघितलं. 'बरोबर आहे' म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तर निदान पुरावा राहिला नसता. मी पेन्सिल घेऊन खाली लिहिलं, 'तपासले. स. रा. तांबे, निवृत्त पोस्टमन'. आणि सही केली.

पण तू हसलेली डोक्यातून जात नव्हतीस. आठवडाभरानं वाटायला लागलं, बघू तरी विचारून. उदाहरण म्हणून विचारलं, कारण खरं सांगितलं असतं तर तू परत हसली असतीस. आणि 'घाई नाही' असं लिहिलं. फॉर्मची शेवटची तारीख सत्तावीस जून होती.

बुधवारी तुला फोन केला तो यासाठी. मी बोललो आणि पलीकडून मोहरी ऐकली. मग फोन काकीला दिला. ती तुझं एकेक वाक्य माझ्या कानात ओरडून सांगत होती. "ती विचारते, फॉर्म कोणाचा?" मी म्हटलं, आरोहीचा. काकी माझ्याकडे बघत राहिली. तुला उत्तर द्यायचं विसरली.

आरोही घरी एकटी होती, वाफ्यातला भाताचा तरवा काढत होती. मी बांधावर उभा राहून सांगितलं की तो फॉर्म सरकारकडे गेलेला नाही. ती चिखलात उभी राहिली. म्हणाली, "पण आबा, तुम्ही बघितलात ना?" एवढंच म्हणाली. मी चौतीस वर्षांत मृत्यूच्या तारा पोचवल्यात. त्या हातात देताना त्यांच्याखाली माझी सही नसे.

तिथून केरूकडे गेलो. केरू म्हणाला, "काका, शोधलं की वरती पहिला तोच येतो. मला वाटलं पहिला म्हणजे खरा." त्याला वाटलं पहिला म्हणजे खरा, मला वाटलं डावीकडचा म्हणजे खरा. आम्ही दोघे मिळून एक पूर्ण गाढव.

खऱ्या पत्त्यावर नव्यानं नाव नोंदवायला घेतलं. तू काकीला सांगितलंस तसं शेपूट दोनदा वाचून घेतलं. दाखले केरूच्या मशीनमध्ये होते, पण आधारचा नंबर टाकला की आकडे जातात तिच्या बापाच्या फोनवर. बाप ड्युटीवर, फोन लॉकरमध्ये. तो संध्याकाळी आकडे सांगायचा तेव्हा इथं त्यांची मुदत संपलेली. गुरुवार त्यातच गेला. शुक्रवारी त्यानं रजा टाकली आणि फोन हातात धरून बसला. पालीत वीज नव्हती, म्हणून मी आरोहीला घेऊन एसटीनं रत्नागिरीला गेलो. बसस्टँडजवळच्या एका दुकानात तीन वाजून चाळीस मिनिटांनी फॉर्म गेला. पडदा मिनिटामिनिटाला गोठत होता. मागं रांग होती, आणि दुकानदार म्हणत होता, लवकर करा, लवकर करा.

गेला एवढं खरं.

काशीला मी बुधवारी संध्याकाळीच सांगितलं होतं. ती कारखान्यातून आली होती, हात चिकानं काळे झालेले. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भावोजी, तुम्ही सांगितलात म्हणून आम्ही गप्प रवलो. नायतर पोरीला मी रत्नागिरीला मास्तरांकडे पाठवणार होते." आणि आत गेली. त्यानंतर बोललेली नाही.

आता तुझं. माझ्या गाढवपणाची यादी पुरी झाली, तुझ्याकडे वळतो. पत्रावर तारीख आहे चौदा जून. पाकिटावरचा शिक्का एकवीस जूनचा आहे. चष्म्याशिवायही वाचता येतो. पोस्ट सात दिवस पत्र पेटीत पुरून ठेवत नाही, लोक काहीही म्हणोत. तर हे पत्र सात दिवस कुठं होतं?

रागावून विचारत नाही. रागावण्याचा अधिकार मी पेन्सिलनं सही करून देऊन टाकलाय.

काका


ऐरोली
रविवार, ६ जुलै २०२५

ती. काकांस,
जय भीम.

सात दिवस पत्र माझ्या पर्समध्ये होतं, असं लिहिणार होते. खरं हवं असेल तर चौदा तारखेला ते लिहिलेलंच नव्हतं. तुमचं पत्र मला तेराला मिळालं, वाचलं आणि फ्रिजवर ठेवून दिलं. वीस तारखेला रात्रीची भांडी घासून झाल्यावर लिहायला बसले आणि तारीख चौदा टाकली, म्हणजे मी लगेच उत्तर देणारी गुणी पुतणी वाटेन. शिक्का विसरले. पोस्टमनला खोटी तारीख घातलेलं पत्र पाठवणारी मी आणि स्वतःच्या हातानं पुरावा तयार करणारे तुम्ही, आपलं रक्त एकच आहे यात शंका नको.

का ठेवून दिलं तेही लिहिते. तुम्ही विहारात 'पाट्या विकते' म्हणालात तेव्हा सगळे हसले, त्याचं मला काही नाही. बाबाही हसले. मी कॉम्प्युटर शिकायला निघाले तेव्हा वाडीत 'मुलीला कशाला' म्हणणारे पुष्कळ होते आणि माझ्या बाजूनं उभे राहिलेले बाबा होते. ते हसले. मग तुमचं पत्र आलं, त्यात पुन्हा तेच वाक्य. म्हटलं, बसू देत वाट बघत. घाई नाही असं ते स्वतःच म्हणतात.

'घाई नाही' या दोन शब्दांवर मी सुटू शकते. गेले दहा दिवस मी तसं सुटून बघतेय. पत्ता वाचल्याबरोबर मला कळलं होतं की हा बनावट आहे. रोज तेच काम करते मी. 'असाच कुठंतरी बघितलेला' म्हणजे कुणीतरी कुठंतरी तो उघडलाय, एवढं कळायला काय लागतं? त्या दिवशी काकीला दोन मिनिटांचा फोन केला असता तर आरोहीला चौदा दिवस मिळाले असते. मला तुमची जिरवायची होती. जिरवली. तुमच्याबरोबर तिचीही.

काम सांगते. एक, आरोहीच्या आधारला कुलूप लावलं, मी फोनवर तिच्याकडून करून घेतलं. दोन, सायबर पोलिसांत तक्रार केली. तीन, ते नाव ज्या कंपनीनं विकलं होतं तिला मी ऑफिसच्या मेलवरून कळवलं. आमची कंपनी नव्हे, याचा अभिमान वाटून घेऊ नका. आम्ही विकलेल्यांत काय काय असेल ते मी बघायला घेतलेलं नाही अजून. त्यांनी तीन दिवसांनी ते बंद केलं. चौथ्या दिवशी तेच दुकान दुसऱ्या शेपटानं उघडलं. तेच चित्र, तेच कुलूप, डावीकडे तोच जीओव्ही. मी तेही कळवलं. आता हा माझा नवा छंद झालाय. साहेब म्हणाले, हे तुझ्या कामात बसत नाही. मी म्हटलं, हो, पाट्या विकणं तेवढं बसतं.

आरोही फोनवर मला काय म्हणाली ते सांगू की नको? सांगते. मी विचारलं, काकांवर रागावलीस का? ती म्हणाली, "नाही ताई. त्यांनी येऊन सांगितलं ना. केरूदादा अजून म्हणतो फॉर्म बरोबर होता."

तुमची,
योगिनी

ता. क. कॉलेजांची पसंती कोणत्या क्रमानं भरली? रत्नागिरी पहिली घातलीत ना?


पाली
शनिवार, १९ जुलै
(पोस्टकार्ड)

चि. योगिनीस, जय भीम.
यादी लागली. आरोहीला लातूर मिळालं. पसंतीचा क्रम पडद्यावर आपोआप आला तसाच गेला. त्यात लातूर वर आणि रत्नागिरी खाली. इंग्रजी अक्षरांचा क्रम असेल. लवकर करा, लवकर करा, म्हणून आम्ही तो हलवला नाही. रत्नागिरीची यादी जिथं थांबली त्यापेक्षा तिचे मार्क जास्त आहेत. काशीनं ते तिच्या दारात उभं राहून मला वाचून दाखवलं. पोस्टकार्डावर यापेक्षा जास्त मावत नाही, ही पोस्टाची सोय आहे.
काका


ऐरोली
शुक्रवार, २५ जुलै २०२५

ती. काकांस, जय भीम.

पोस्टकार्ड वाचलं. आमच्या खालच्या वॉचमननंही वाचलं, वर देताना म्हणाला, "वाईट झालं हो."

मी चौकशी केली. हातचं लातूर सोडून पुढच्या फेरीत रत्नागिरीसाठी थांबता येतं, पण मग दोन्ही जाण्याची शक्यता असते. हे मी आरोहीला आणि काशीकाकीला फोनवर सांगितलं. ठरवायचं त्यांनी. तुम्ही मध्ये पडू नका, आणि मीही पडत नाही. आपण दोघांनी पुरेशी मदत केलेली आहे.

योगिनी


पाली
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

चि. योगिनीस,
जय भीम आणि आशीर्वाद.

आरोहीनं लातूर घेतलं. म्हणाली, "सीट हातातली बरी. पावसाच्या भरवशावर भात लावायचा ते शेतात ठीक आहे." बारा तारखेला गेली. बाप मुंबईहून परस्पर तिकडे आला. इथून काशी गेली सोबत, दोन दिवस राहून आली. मी एसटी स्टँडवर गेलो होतो. पेटी उचलायला हात लावला तर काशीनं पेटी दुसऱ्या हातात घेतली. पेटी जड होती. मी बाजूला झालो. गाडी सुटली तेव्हा आरोहीनं खिडकीतून हात केला, काशीनं समोर बघितलं.

तू म्हणशील, काका आता घरात तोंड लपवून बसले असतील. ते फार सोपं झालं असतं. मी तुझं ते जूनचं पत्र, खोट्या तारखेचं, मोठ्या अक्षरात वहीत उतरवलं आणि दर रविवारी दहा वाजता विहारात बसायला लागलो. फळ्यावर लिहिलं, 'पत्ता शेवटून वाचावा'. पहिल्या रविवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या रविवारी दोन बायका आल्या, त्यांना वाटलं रेशनचं काही आहे. तिसऱ्या रविवारी केरू आला. मागं बसला, वहीत लिहून घेत होता. मी भागोजीच्या टपरीचा दाखला दिला तेव्हा सगळे हसले. केरू हसला नाही आणि मीही नाही. शेवटी एकीनं विचारलं, "काका, तुम्हाला हे आधीपासून येत होतं?" मी म्हटलं, नाही, जूनमध्ये आलं. मे महिन्यात यायला हवं होतं.

तुझ्या बापाला मी फोन लावला, म्हणजे काकीनं लावला. मी सांगितलं की तुझ्या पोरीचं काम पाट्या विकायचं नाही, मी चुकून बोललो आणि तू चुकून हसलास. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. त्यानं तुला फोन केला असेल तर त्यातलं मला सांगू नकोस.

आता परवाचं. शुक्रवारी सकाळी आठ वाजता काशी आमच्या दारात उभी. कारखान्यात जायच्या आधीची वेळ. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिनं आमची पायरी चढली. हातात तिचा साधा फोन आणि एक चिठोरं. काकी चहा टाकायला उठली तर म्हणाली, "नको, गाडी चुकंल." मग माझ्यासमोर चिठोरं धरलं. आरोहीला कॉलेजच्या नावानं एक पत्ता आला होता, तिथं वसतिगृहासाठी आपली माहिती भरायची होती. पोरीनं तो फोनवर आईला सांगितला होता, शेजारच्या मुलीनं लिहून दिला होता. आरोहीला तो खरा वाटत होता. आईला कोणीतरी बघायला हवं होतं.

"बरोबर आहे का बघा," काशी म्हणाली.

मी चष्मा लावला. पहिल्या एकट्या रेघेपर्यंत गेलो आणि उलटा वाचत आलो. शेपूट ठीक वाटलं. नावही कॉलेजचंच वाटलं. एकदा वाचलं, तीनदा वाचलं. काशी उभी होती. पेन्सिल खिशात होती. सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं, आणि बहुतेक ते खरंच निघालं असतं. मी म्हटलं, "मला ठीक वाटतो. पण खात्रीनं माहीत नाही. विचारून सांगतो."

काशीनं माझ्याकडे नीट बघितलं. या बाईनं मला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. वाडीत कोणीच ऐकलेलं नाही. काकी चुलीपासून म्हणाली, "बरं वाटतं ना ऐकून?" ते मात्र मला ऐकू आलं.

शुक्रवारी सव्वाआठला काकीचा फोन तुला आला तो यासाठी. तुला वाटलं असेल, सकाळी सकाळी कोण गेलं. या वेळी पत्र पाठवत बसलो नाही, एवढं शिकलो. तू सांगितलंस की पत्ता खरा आहे, कॉलेजच्या वसतिगृहाला फोन करूनही विचारलंस. दहा मिनिटांत उत्तर आलं. काशी तेवढा वेळ पायरीवर बसली. गाडी चुकली तिची. चहा मात्र घेतला.

मी बाहेर येऊन सांगितलं, "पत्ता खरा आहे."

तिनं विचारलं, "कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "योगिनीनं."

"मग ठीक," ती म्हणाली, आणि पोरीला फोन लावला.

मला वाईट वाटलं नाही असं लिहिणार होतो. ते खोडून टाकलंय, खोडलेलं दिसत असेल. वाटलं. पण ती पायरीवर बसूनच लेकीशी बोलत राहिली, कपबशी बाजूला ठेवून, पुढची गाडी येईपर्यंत. मी दारात उभा होतो. तिनं मला जा म्हटलं नाही.

तुझा,
काका